ऊन तेच, रुपये वेगळे

छत्रपती संभाजीनगरात उन्हाचा तुटवडा आहे, असं कुणी म्हणणार नाही. तरीही जुलै उजाडला की गच्चीवर सोलर बसवलेल्या घरांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो: एप्रिल-मेमध्ये इतकं छान चाललं होतं, आता काय बिघडलं? दुसरा प्रश्न उशिरा, एप्रिलचं बिल हातात आल्यावर पडतो. थंडीभर सोलरच्या ॲपवर भरपूर युनिट दिसत होते, उरलेले युनिट साठतही होते, ते गेले कुठे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऋतुमानात सापडतं, दुसऱ्याचं महावितरणच्या हिशेबात. सोलर विकणारे पहिल्याबद्दल थोडंफार बोलतात, दुसऱ्याबद्दल जवळजवळ काहीच नाही. घराची खरी बचत मात्र या दोन्हींवर मिळून ठरते.

हा प्रश्न आता थोड्या हौशी घरांपुरता उरलेला नाही. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना’ जाहीर झाली. देशातल्या एक कोटी घरांचं उद्दिष्ट आणि ७५ हजार २१ कोटी रुपयांची तरतूद तिच्यात आहे. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार, तिसऱ्यासाठी १८ हजार, म्हणजे तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. सिडको, गारखेडा, सातारा परिसर, बीड बायपास, कुठल्याही बाजूला उंच गच्चीवरून नजर टाकली, तर काळ्या टाक्यांच्या शेजारी निळी-काळी पॅनेलं दिसतात. त्यांतल्या बहुतेक घरांना बसवण्याआधी एकच आकडा सांगितलेला असतो: एक किलोवॅट म्हणजे दिवसाला चार युनिट. आकडा खोटा नाही, पण तो वर्षाची सरासरी आहे. सरासरीइतकी वीज देणारे महिने या शहरात फार थोडे.

आपल्याकडचं आकाश आणि तापमान पाहता, दक्षिणेकडे नीट कललेल्या, सावली नसलेल्या आणि बऱ्यापैकी स्वच्छ पॅनेलांकडून किलोवॅटमागे फेब्रुवारी-मार्च-एप्रिलमध्ये दिवसाला साडेचार ते पाच युनिट धरायला हरकत नाही. ऑक्टोबर ते जानेवारी चारच्या वर. जूनपासून आकडा उतरू लागतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये अडीच-तीनवर येतो. म्हणजे तीन किलोवॅटचा संच मार्चमध्ये सव्वाचारशे युनिट देत असेल, तर ऑगस्टमध्ये तोच अडीचशे-पावणेतीनशे देईल. यात बिघाड काही नाही. कोणत्या महिन्यात किती, याचा अंदाज आधीच कागदावर लिहून दिलेला असता, तर जुलैतले निम्मे तक्रारीचे फोन झालेच नसते.

हे असं का होतं, ते पाहायला सुरुवात सूर्याच्या जागेपासून करावी लागते. आपलं शहर १९.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या चौथ्या आठवड्यात सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो आणि त्या मध्यान्ही उभ्या काठीची सावली नाहीशी होते. या दोन तारखांच्या मधल्या दोन महिन्यांत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, आपली पॅनेलं मात्र दक्षिणेकडे तोंड करून असतात. उलट २१-२२ डिसेंबरला सूर्य मध्यान्हीसुद्धा क्षितिजापासून ४७ अंशांच्या आतच राहतो. वीस अंशांचा कल असलेलं पॅनेल त्या दुपारी आडव्या पॅनेलपेक्षा सुमारे पाव हिस्सा जास्त ऊन घेतं. कलाचा फायदा आहे तो हिवाळ्यात. उन्हाळ्यात त्याची थोडी किंमत मोजावी लागते, पण तेव्हा दिवस मोठा असतो. जूनचा दिवस सव्वातेरा तासांहून मोठा, डिसेंबरचा अकरा तासांना थोडा कमी.

घड्याळाचीही एक गोष्ट लक्षात ठेवायची. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची आहे आणि आपण ७५.३ अंशांवर. त्यामुळे इथली मध्यान्ह घड्याळात बाराला होत नाही. नोव्हेंबरात ती सव्वाबाराच्या आत होते, फेब्रुवारीत पाऊण वाजायला येतो. ॲपवरचा आलेख साडेबाराच्या सुमारास माथ्यावर दिसला, तर पॅनेल पश्चिमेला वळलंय असं समजू नये.

हिवाळ्याचा खरा शत्रू सावली. डिसेंबरात सकाळी नऊ वाजता सूर्य इथे जेमतेम २३-२४ अंश वर आलेला असतो, आणि वस्तूची सावली तिच्या उंचीच्या सव्वादोन पटींहून लांब पडते. तीन फुटांच्या कठड्याची सात फूट, पाच फुटांच्या टाकीची साडेअकरा फूट. सोलरवाला माप घ्यायला एप्रिलमध्ये दुपारी आला, तर त्याला ती सावली दिसतच नाही. तो टाकीच्या उत्तरेला सहा फुटांवर पॅनेल बसवून जातो आणि नोव्हेंबरपासून रोज सकाळी दोन तास एक कोपरा अंधारात राहतो. पॅनेलं एका साखळीत जोडलेली असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावरच्या सावलीचा फटका त्या कोपऱ्यापुरता राहत नाही. पॅनेलातले बायपास डायोड सावलीतला भाग वगळून वाट काढतात, तरी तोटा सावलीच्या आकारापेक्षा मोठाच होतो. ज्या घरांत अजून गच्चीवर वाळवणं घालतात, कुरडया-पापड्या सुकवतात, त्या घरातल्या बायकांना कोणत्या महिन्यात कोणता कोपरा किती वाजता उन्हात येतो, हे बिनचूक ठाऊक असतं. पॅनेलाची जागा ठरवताना त्यांना विचारत जावं. ही सूचना मी पूर्ण गांभीर्याने करतो आहे.

आता उष्णता. ऊन म्हणजे वीज हे खरं, पण तापमान म्हणजे वीज नव्हे, उलटच. पॅनेलावर लिहिलेली क्षमता प्रयोगशाळेत मोजलेली असते: चौरस मीटरवर १००० वॅट प्रकाश आणि पॅनेलातल्या घटाचं तापमान २५ अंश. इथे मेमध्ये हवाच ४० अंशांवर जाते, तेव्हा काचेखालचा घट दुपारी ६५ ते ७० अंशांपर्यंत तापतो. २५ च्या वर प्रत्येक अंशामागे नेहमीचं पॅनेल ०.३५ टक्क्यांच्या आसपास क्षमता गमावतं, म्हणजे मेच्या दुपारी १४ ते १६ टक्के निव्वळ उष्णतेत गेले. नव्या टॉपकॉन जातीच्या पॅनेलांत हा आकडा ०.३०च्या जवळ असतो, तोटा तेवढा कमी. जानेवारीत हवा २८-३० अंशांवर असते, तेव्हा हीच गळती नऊ-दहा टक्क्यांवर येते. म्हणून सगळ्यात कडक ऊन मेचं असलं, तरी सगळ्यात चांगली वीज बहुधा मार्चची: आकाश निरभ्र, सूर्य पॅनेलाच्या समोर, हवा अजून भट्टीला लागलेली नाही.

उष्णता कमी करायचा घरगुती मार्ग एकच, पॅनेलाखालून वारा खेळू देणं. पत्र्याला चिकटवून बसवलेली पॅनेलं जास्त तापतात, आठ-दहा फूट उंच सांगाड्यावरची कमी. उंच सांगाड्याचा आणखी एक लाभ ॲपमध्ये कधीच दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये या शहरातल्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या रात्री अकरापर्यंत धगधगत असतात, कारण स्लॅबने दिवसभर ऊन पिऊन ठेवलेलं असतं. स्लॅबवर पॅनेलांची सावली पडली की खोली लवकर निवते, कूलर किंवा एसी कमी चालतो, आणि ती बचत थेट मीटरवर उतरते.

मृग निघाला की हिशेब बदलतो. सह्याद्रीच्या पलीकडे, पावसाच्या छायेत आपण आहोत. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्याकडे सहाशे-सातशे. यावरून कुणाला वाटेल की आपली पॅनेलं पावसाळ्यात मजेत असणार. कोकणापेक्षा ती बरी चालतात, हे खरंच. पण मराठवाड्याचा जुलै म्हणजे पाऊस कमी आणि ढग भरपूर. दिवसच्या दिवस आभाळ भरलेलं, वारा सुटलेला आणि थेंब नाही. शेतकऱ्याला त्या ढगाचा उपयोग नाही आणि पॅनेललाही नाही. दाट ढगाखाली उत्पादन निरभ्र दिवसाच्या पाचव्या हिश्श्यावर येऊ शकतं. विरळ ढग असतील तर पसरलेल्या उजेडावर पॅनेल निम्म्यापर्यंत तग धरतं. ॲपवरचा आलेख हे स्पष्ट दाखवतो. फेब्रुवारीत तो घंटेसारखा गुळगुळीत असतो, जुलैत सगळा खाचाखोचांचा. गंमत अशी की त्या खाचांमधली काही टोकं फेब्रुवारीच्या माथ्याहून उंच जातात. नुकतीच सर पडून पॅनेल गार झालेलं आणि धुतलेलं असतं, ढगाच्या फटीतून थेट ऊन येतं, शिवाय बाजूच्या पांढऱ्या ढगांवरून परतलेला उजेडही. दोन-चार मिनिटं संच विक्रमी चालतो आणि पुन्हा ढग.

पावसाळ्याचा स्वभाव दर वर्षी सारखा नसतो, आणि इथेच पहिल्या वर्षाच्या अनुभवावरून मत बनवणारे फसतात. ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. मराठवाड्याला तो दुष्काळाची चाहूल देणारा होता, पण उघड्या आभाळामुळे गच्चीवरच्या पॅनेलांना एरवी न मिळणारं ऊन मिळालं. याच्या नेमकं उलट २०२५. मान्सून केरळात २४ मे रोजी आणि मुंबईत २६ मे रोजी दाखल झाला, त्याआधीच राज्यभर अवकाळी पाऊस सुरू होता, आणि तो मे देशात १९०१ पासूनचा सर्वांत ओला मे म्हणून नोंदला गेला. नंतर सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने हाहाकार केला. त्या वर्षी मार्चमध्ये संच बसवलेल्या घराला भर उन्हाळ्यातला मे ढगाळ मिळाला आणि सप्टेंबरही गेला. अशा घराने पहिल्या वर्षाचे आकडे पाहून फसवणूक झाली असं ठरवलं, तर त्याला दोष देता येत नाही, पण निष्कर्ष मात्र चुकीचा. संच कसा आहे हे ठरवायला दोन पूर्ण वर्षांच्या नोंदी हव्यात. तेवढा धीर नसेल, तर फेब्रुवारीतले चार-पाच निरभ्र दिवस घेऊन त्यांचे आकडे पुढच्या फेब्रुवारीशी ताडून पाहावेत. दर वर्षी अर्ध्या टक्क्याच्या आसपास घट ही पॅनेलाची नैसर्गिक झीज. त्याहून बरीच जास्त घट दिसली, तर सोलरवाल्याला बोलवावं.

धुळीबद्दल थोडं सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण या शहरात ती पाण्याच्या प्रश्नाशी बांधलेली आहे. ऑक्टोबरच्या शेवटी पाऊस संपतो आणि पुढचे सात महिने पॅनेल धुणारा कुणी नाही. बांधकामांची पूड, मुरमाचे रस्ते, उन्हाळी वावटळी, कबुतरं, सगळं काचेवर साठत जातं. धूळ सारखी पसरलेली असते तेव्हा ती डोळ्याला जाणवतही नाही, पण पाच-दहा टक्के वीज खाऊन बसते. जवळ जाऊन पाहिलं तर खरी गोम खालच्या कडेला सापडते. पॅनेलला ॲल्युमिनियमची चौकट असते आणि ती काचेपेक्षा केसभर वर असते. वळवाची एखादी सर येते, वरची धूळ वाहून खाली येते, चौकटीशी अडते आणि वाळून बोटभर रुंदीची चिखलाची पट्टी धरते. वरून पॅनेल लख्ख दिसतं, पण खालच्या ओळीतले घट झाकलेले. सावलीसारखाच तिचा परिणाम, तोही दिवसभर. पावसाने पॅनेलं आपोआप धुतली जातात, असं म्हणणाऱ्यांनी एकदा ही कडा नखाने खरवडून पाहावी.

मग धुवायचं कशाने? नळाला पाणी आठवड्यातून एखादा दिवस येणाऱ्या वस्त्या या शहरात थोड्या नाहीत. पन्नासेक किलोमीटरवर जायकवाडीचा नाथसागर असूनही उन्हाळ्यात टँकरचे भाव विचारावे लागतात. अशा घरात पॅनेलवर चार बादल्या ओता म्हणून सांगणं सोपं नाही. उरतं ते बोअरचं पाणी, आणि ते जड. उन्हात तापलेल्या काचेवर ते वाळलं की पांढरे क्षारांचे डाग मागे ठेवतं, आणि ते डाग धुळीपेक्षा वाईट, कारण पुढच्या पावसानेही जात नाहीत. आरओचं वाया जाणारं पाणी तर आणखी जड, ते मुळीच वापरू नये. मला सर्वांत पटलेला उपाय असा: भल्या पहाटे, काच थंड आणि दवाने ओलसर असताना, लांब दांड्याच्या मऊ पोछ्याने आणि अर्ध्या बादलीत काम उरकायचं. पावसाळ्यात साठवलेलं पाणी असेल तर उत्तम. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही क्षारांपासून जवळजवळ मुक्त असतं, ते डब्यात धरून ठेवावं. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये, काचेला ते सोसत नाही. आणि निसरड्या गच्चीवर किंवा पत्र्यावर एकट्याने चढू नये. पंधरा दिवसांतून एकदा एवढं केलं, तर नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांचं पीक हाती राहतं. या सात महिन्यांतच वर्षातली बहुतांश वीज तयार होते.

वळीव आणि गारपीट हा वेगळाच धोका. फेब्रुवारी-मार्च २०१४ची गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. त्यानंतरही मार्च-एप्रिलमध्ये गारा पडतच आल्या. प्रमाणित पॅनेलांची चाचणी २५ मिलिमीटर व्यासाचा बर्फाचा गोळा ताशी ८० किलोमीटरच्या आसपास वेगाने मारून होते, त्याहून मोठ्या गारेची हमी कुणी देत नाही. घराच्या विम्यात पॅनेलांचा उल्लेख करून घेणं हा यावरचा व्यवहारी उपाय. वाऱ्याचं भय उंच सांगाड्याला जास्त. नुसत्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर टेकवलेला सांगाडा वळवाच्या वाऱ्यात उलटू शकतो, त्यामुळे तो स्लॅबला नीट जखडला आहे ना, हे बसवतानाच पाहावं. अर्थिंगचंही तसंच. आपल्याकडची जमीन मुरूम आणि काळ्या दगडाची, उन्हाळ्यात कोरडीठाक. अर्थिंगच्या खड्ड्यात एप्रिलपासून पाणी घालत राहिलं नाही, तर पहिल्या वळवाच्या कडकडाटात ते कमी पडू शकतं.

याच दिवसांत आणखी एक गैरसमज उघड होतो. वादळाने तार तुटते, गल्लीतली वीज जाते, आणि गच्चीवर ऊन असूनही घरात अंधार. महावितरणच्या तारेला जोडलेला, नेट मीटरवरचा साधा संच महावितरणची वीज गेली की स्वतःहून बंद होतो आणि झालाच पाहिजे, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. वीज गेल्यावरही घर चालावं असं वाटत असेल, तर बॅटरीचा हायब्रीड संच घ्यावा लागतो आणि त्याचा खर्च वेगळा. ऐन फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारी इन्व्हर्टर मधेच बंद पडत असेल, तर मात्र कारण बहुधा वेगळं असतं. गल्लीत बरीच पॅनेलं जोरात चाललेली, कूलर-एसी अजून सुरू नाहीत, त्यामुळे तारेवरचं व्होल्टेज चढतं आणि मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर हात आखडतो. याची तक्रार महावितरणकडे करावी, पॅनेल बदलून काही होत नाही.

आता रुपये. इथवर जे सांगितलं ते युनिटचं गणित होतं. घरातल्या वहीत युनिट लिहिले जात नाहीत, बिल लिहिलं जातं.

घरगुती विजेचा दर टप्प्यांचा आहे. वहन आकार धरून २०२४-२५च्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटना ५ रुपये ८८ पैसे, १०१ ते ३०० ला ११ रुपये ४६ पैसे आणि ३०१ ते ५०० ला १५ रुपये ७२ पैसे असा दर होता. पॅनेलाची वीज घराच्या वापरातून वजा होते ती वरच्या, महागड्या टप्प्यापासून. त्यामुळे घराचा वापर ज्या महिन्यात जास्त, त्या महिन्यातलं प्रत्येक सौर युनिट अधिक मोलाचं.

उदाहरणादाखल दोन किलोवॅटचा संच असलेलं मध्यम घर धरू. मेमध्ये कूलर, फ्रीज आणि रात्रीचा थोडा एसी मिळून वापर ३८० युनिट. पॅनेलं देतात २७०, उरले ११०. सोलर नसतं तर ऊर्जा आणि वहन आकार मिळून ४१३८ रुपये झाले असते, आता होतात ७०३. वाचले सुमारे ३४३५ रुपये. त्याच घराचा जानेवारीचा वापर १८० युनिट, आणि पॅनेलं देतात तितकेच, २७०. बिल शून्यावर येतं, पण वाचतात फक्त १५०५ रुपये, आणि ९० युनिट खात्यात शिल्लक पडतात. जुलैचा वापर २२०, उत्पादन अवघं १७०. तरी बचत १६६९ रुपये. म्हणजे ढगाळ जुलैने लख्ख जानेवारीपेक्षा घराला जास्त कमावून दिलं. जुलैत ॲप पाहून हिरमुसलेल्या माणसाने हे गणित एकदा करून पाहावं.

याच घराचं वर्ष मांडलं, तर वापर २९५० युनिट आणि उत्पादन २९०५ होतं, जवळजवळ बरोबरी. म्हणजे बिल जवळजवळ शून्य असायला हवं. प्रत्यक्षात तसं होत नाही. एप्रिल ते सप्टेंबर दर महिन्याला थोडी तूट, सहा महिन्यांची मिळून ३७० युनिट. ऑक्टोबर ते मार्च दर महिन्याला थोडी शिल्लक, मिळून ३२५. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०१९च्या नियमांप्रमाणे शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जातात खरे, पण आर्थिक वर्षाच्या शेवटापर्यंतच. ३१ मार्चला खातं बंद होतं, उरलेले युनिट किरकोळ दरापेक्षा बऱ्याच कमी दराने मोजून दिले जातात, आणि १ एप्रिलला पाटी कोरी. बरोबर त्याच आठवड्यात कूलर माळ्यावरून खाली येतात. थंडीत साठवलेली वीज उन्हाळ्याच्या तोंडाशी हातातून जाते. भरीला स्थिर आकार, तो कितीही ऊन पडलं तरी दर महिन्याला द्यावाच लागतो.

त्यामुळे संचाचा आकार ठरवताना वर्षाचा एकूण वापर भागिले बारा करणं पुरेसं नाही. बारा बिलं समोर ठेवून एप्रिल ते सप्टेंबरच्या बिलांकडे आधी पाहावं. उन्हाळ्यात एसी असलेल्या घराला थोडा मोठा संच परवडतो, कारण त्याचं वाचलेलं युनिट वरच्या, महागड्या टप्प्यातलं असतं. फक्त पंखे आणि टीव्ही असलेल्या घराने ७८ हजारांच्या अनुदानासाठी तीन किलोवॅटचा आग्रह धरला, तर हिवाळ्यातले शेकडो युनिट मार्चअखेर स्वस्तात जातील. थंडीत शिल्लक पडते आहे असं दिसलं, तर गॅसवरचं पाणी गीझरवर आणि स्वयंपाकातलं काही इंडक्शनवर आणता येतं. जानेवारी ते मार्च हे तीन महिने तर हे करावंच. वेळेनुसार दर लावणारे स्मार्ट मीटर आता घरोघरी बसत आहेत आणि सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापराला सवलतीचं धोरण आलं आहे. पाण्याची मोटार, धुलाई, इस्त्री दुपारी उरकायची सवय त्या दृष्टीनेही कामाची.

उन्हाच्या या सगळ्या अंदाजांच्या मागे जी मोजमापं आहेत, त्यांचा उगम पुण्यात आहे. हवामान खात्याच्या पुण्यातल्या उपकरण विभागात अण्णा मणी यांनी देशभर सौर किरणोत्सर्ग मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभं केलं. १९८० मध्ये आलेली त्यांची सौर किरणोत्सर्गाच्या आकडेवारीची हस्तपुस्तिका पुढच्या सौर अभियंत्यांचा पाया ठरली. तेव्हा गच्चीवरची पॅनेलं कुणाच्या स्वप्नातही नव्हती. त्याच पुण्यातल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये १९८१ ते २००४च्या नोंदी तपासून दाखवलं की देशात जमिनीवर पोचणारं ऊन घटतं आहे, आणि त्यात हवेतल्या धूलिकणांचा मोठा वाटा आहे. १९८८ ते २०१८ या काळातल्या सूर्यप्रकाशाच्या तासांवरचा अलीकडचा अभ्यासही त्याच दिशेला बोट दाखवतो. पंचवीस वर्षांची हमी देणारी पॅनेलं आपण बसवतो, तेव्हा वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या धुराड्यांचा आणि कचरा जाळण्याचा प्रश्न गच्चीवरच्या विजेचाही प्रश्न होतो. याबद्दल शहरात फार कमी बोललं जातं.

हवेचा प्रश्न मोठा आहे, पण बिलाच्या हिशेबात एक दुरुस्ती अशी आहे की तिला ना नवं तंत्र लागतं, ना अनुदान. नेट मीटरचं वर्ष ३१ मार्चऐवजी ३० सप्टेंबरला संपवावं. वरच्या घराचंच गणित पुन्हा करा. ऑक्टोबर ते मार्चची ३२५ युनिटची शिल्लक पुढे एप्रिल ते सप्टेंबरची तूट भरून काढेल, आणि वर्षभरात फक्त ४५ युनिटचे पैसे द्यावे लागतील. एका घराचे यातून दोन हजारांच्या आसपास रुपये वाचतात, मार्चअखेर मिळणारा मोबदला वजा केला तर थोडे कमी. आकडा लहान वाटेल, पण हे पैसे त्याच घराने तयार केलेल्या विजेचे आहेत, आणि शहरातल्या प्रत्येक छोट्या संचाला ते दर वर्षी लागू होतात. महावितरणचा आर्थिक हिशेब मार्चमध्ये बंद होतो, हे कारण मला पुरेसं वाटत नाही. ऊस कारखान्यांचा गाळप हंगाम आर्थिक वर्षाच्या चौकटीत बसत नाही, तरी त्यांचे हिशेब होतातच. आयोग नियम बदलताना लोकांकडून लेखी सूचना आणि हरकती मागवतो, आणि त्या कुणालाही देता येतात. आपल्या घराची बारा महिन्यांची बिलं आणि ॲपवरचे बारा आकडे जोडून पाठवलेलं एक पानी पत्र तिथे चालतं.